आईचा रोल कोण करणार?

गॅदरिंगची नोटीस लागली की आपल्या कॉलेजात दोन गोष्टी हमखास होतात. एक, सबमिशनची तारीख पुढे ढकला म्हणून सरांच्या केबिनसमोर गर्दी. आणि दुसरी, नाटकाच्या पहिल्याच मीटिंगला येणारा प्रश्न : "आईचा रोल कोण करणार?"

मागच्या वर्षी तो मी केला. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत मला सात वाक्यं होती आणि त्यातली तीन "जेवून घे रे बाळा" याच अर्थाची! केसांना टाल्कम पावडर, अंगावर मेसच्या मावशींची साडी. माझा 'मुलगा' फायनल इयरचा, म्हणजे माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा. टाळ्या पडल्या, नाही असं नाही. पण रात्री रूमवर आल्यावर पार्टनर म्हणाली, "काय गं, तू तर आमची रीमा लागू झालीस!"

ती चिडवत होती. मी मात्र खरंच रीमा लागूंविषयी वाचायला बसले, जुनी कामं मोबाईलवर शोधून पाहिली. दुसऱ्या दिवशी व्हायवा होती, तिचं जे व्हायचं ते झालं. असो.

मित्रांनो, आपल्यासाठी रीमा लागू म्हणजे टीव्हीवर दर सुट्टीत लागणाऱ्या सिनेमातली गोड आई. पण हिशोब मांडून पाहा, आपण इंजिनीअरिंगवाले आहोत ना! त्यांचा जन्म 21 जून 1958 चा. 'कयामत से कयामत तक' 1988 मध्ये आला तेव्हा त्या जुही चावलाची आई झाल्या, वयाची तिशीही पुरी व्हायची होती. 1989 च्या 'मैंने प्यार किया'मध्ये सलमान खानची आई. तो त्यांच्यापेक्षा फक्त साडेसात वर्षांनी लहान. आणि 1999 च्या 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई. त्याचा जन्म जुलै 1959 चा. म्हणजे आई आणि मुलगा यांच्या वयात जेमतेम एका वर्षाचा फरक! आमच्या एकांकिकेला हसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

बरं, ही बाई कुठून आली होती? मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री. शाळा पुण्याची हुजूरपागा. पुढे 1979 पासून दहा वर्षं युनियन बँकेत नोकरी. दिवसा बँक आणि ती सांभाळून आंतरबँक स्पर्धा, नाटक, टीव्ही, सिनेमा. "नाटक करशील तर डिग्री राहील" असं ज्यांना घरून ऐकवलं जातं, त्यांनी ही दहा वर्षं पाठ करून ठेवावीत. याच काळात श्याम बेनेगलांचा 'कलयुग' आहे, गोविंद निहलानींचा 'आक्रोश' आहे. आणि जयवंत दळवींचं 'पुरुष' हे नाटक आहे. त्यात समोर नाना पाटेकरांसारखा नट, आणि रीमा लागू अंबिका. गुलाबराव नावाच्या सत्तावान पुढाऱ्याच्या अत्याचारानंतर गप्प न बसणारी, त्याचा हिशोब चुकता करणारी शिक्षिका. हे काम ज्या बाईला जमतं, तिला हिंदी सिनेमाने पुढची कित्येक वर्षं काय दिलं? आरतीचं ताट आणि गाजर का हलवा!

इथे कोणी म्हणेल की पुरुष नटही तरुणपणी म्हातारे होतात. खरं आहे. अनुपम खेर 'सारांश'मध्ये म्हातारा शिक्षक झाले तेव्हा तेही तिशीच्या आतच होते. पण दोनच वर्षांनी 'कर्मा'मध्ये तेच खेर खलनायक डॉ. डँग झाले, पुढे विनोदी झाले, काय वाट्टेल ते झाले. म्हणजे पांढरे केस लावण्यात अन्याय नाही. ते एकदा लावले की काढूच न देण्यात आहे.

त्यातल्या त्यात दार उघडं ठेवलं ते टीव्हीने. 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन' आला, त्यात त्या माधुरीची आई. आणि साधारण त्याच सुमारास दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती' सुरू झाली. तिच्यातली त्यांची कोकी बघा. नोकरी करणारी, नवऱ्याला एका नजरेत गप्प करणारी, शेजाऱ्याला झुलवणारी. त्याच वेळची 'तू तू मैं मैं'मधली सासू तर घरोघरी पोचली. एकच बाई, एकच काळ. मोठ्या पडद्यावर पदराला डोळे पुसणारी आणि छोट्या पडद्यावर अख्खं घर हसवणारी. फरक अभिनयात नव्हता, दिलेल्या जागेत होता.

आणि 'वास्तव'चा शेवट आठवा. पिस्तूल आईच्या हातात आहे आणि समोर तिचा पोटचा पोरगा. ज्या रोलला आपण 'आईचा रोल' म्हणून बाजूला टाकतो, त्याच रोलने तिथे अख्खा सिनेमा पेलला. कारण लिहिणाऱ्याने त्या आईला काहीतरी करायला दिलं होतं. 18 मे 2017 ला रीमा लागू गेल्या तेव्हा त्या 58 वर्षांच्या होत्या. 'नामकरण' मालिकेत शेवटपर्यंत काम करत होत्या.

आता आपल्याकडे वळू. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण छाती काढून म्हणतो. संकर्षण कऱ्हाडे आपल्या परभणीचा, हे बाहेरगावच्या पोरांना दहादा सांगतो. पण "आता परभणीच्या एका नटीचं नाव सांग" म्हटलं की आमच्या रूमवर सगळ्या एकमेकींकडे बघतात. परभणीत, जिंतूर-सेलूकडे, गंगाखेडकडे मुलींना अभिनय येत नाही का? मला तसं वाटत नाही. आमच्या विंगमध्ये वॉर्डनची नक्कल करणाऱ्या किमान तीन जणी आहेत. (मॅडम, माफ करा. नावं सांगणार नाही.)

मग मुलींना सात वाक्यंच का मिळतात? उत्तर सोपं आहे. नाटकाची प्रॅक्टिस सुरू होते संध्याकाळी सातला, मेसच्या आधी. आणि गर्ल्स हॉस्टेलची हजेरीही सातलाच! म्हणजे मुलगी प्रॅक्टिसला येऊच शकत नाही. जी येऊ शकत नाही तिला मोठा रोल देणार कोण? मग तिला असा रोल द्यायचा जो दोन प्रॅक्टिसमध्ये बसतो. तो आईचा. कोणी मुद्दाम करत नाही, वेळापत्रकच तसं आहे. पण वेळापत्रक काही न्यूटनचा नियम नाही, ते आपणच टाईप करून बोर्डावर लावतो.

म्हणून सर-मॅडमना विनंती आहे. या वर्षी प्रॅक्टिस साडेचार ते साडेसहा ठेवा. ते जमत नसेल तर एखाद्या मॅडम सोबत असताना सेमिनार हॉलमध्ये नऊपर्यंत परवानगी द्या. घरच्यांचं पत्र लागत असेल तर ते आम्ही आणू. ते आणताना आम्हाला घरी किती बोलावं लागेल हे आमचं आम्ही बघून घेऊ.

आणि मुलांना एकच सांगणं. स्क्रिप्ट निवडताना आधी बघा, त्यातली बाई काही ठरवते का, की फक्त वाढते?

आईचा रोल मी पुन्हा करीन, आनंदाने करीन. रीमा लागूंचं काम बघितल्यावर त्याला कमी लेखायची माझी तरी हिंमत नाही. फक्त यंदा त्या आईला "जेवून घे"च्या पुढे एखादं वाक्य द्या.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी