चालता येणं ही शाळेची अट कशी?

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल घरात असलं की येणारा-जाणारा एकच विचारतो, "चालायला कधी लागेल?" घराची कित्येक वर्षं या प्रश्नाभोवती जातात. रामटेकहून नागपूरच्या फेऱ्या, फिजिओथेरपी, पायाचे स्प्लिंट, कुणी सुचवलेला ताईत. थेरपी हवीच. स्नायू आखडू नयेत म्हणून ती लागते. पण मूल चालेपर्यंत त्याची शाळा का थांबावी?

ही आईच्या चुकीची शिक्षा नव्हे. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा होते आणि हालचालींवरचा ताबा बिघडतो. कुणी लंगडत चालतं, कुणी वॉकर धरून, कुणाला कायम व्हीलचेअर लागते. बोलणं अस्पष्ट असलं म्हणून समज कमी असते असंही नाही. मुंबईत वाढलेल्या मालिनी चिब व्हीलचेअर वापरतात. त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटाने टाइप करून आत्मकथन लिहिलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले, स्क्रीन वापरता आली नाही तर दोष स्क्रीनमध्ये शोधतो. इमारतीलाही हाच न्याय लावा. गडमंदिराच्या पायऱ्या जुन्या आहेत, ते समजू शकतं. पण कालपरवा बांधलेल्या शाळेला, दवाखान्याला, शादीखान्याला नुसत्याच पायऱ्या का?

कायदा मुलाच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने प्रवेश देताना भेदभाव करायचा नाही आणि इमारत सुगम ठेवायची आहे. सुगमतेचे किमान नियम बंधनकारक हवेत, नुसत्या शिफारशी नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं.

उतार मात्र मोजून बांधावा लागतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे साधं प्रमाण. म्हणजे दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट. मोटारसायकल चढवायचा तीव्र उतार वॉकरवाल्या मुलाला पाडतो. दोन्ही बाजूंना कठडा हवा, वाटेत उघडी नाली नको आणि संडासचं दार व्हीलचेअर आत जाईल एवढं रुंद हवं.

तेव्हा दोस्तांनो, मोजायचा टेप घ्या. मोहल्ल्यातली शाळा, मशीद, वाचनालय मोजा. जिथे आपलाच कारभार आहे तिथे चंदा गोळा करून उतार बांधा. बाकीच्यांसाठी शाळेला आणि नगरपरिषदेला लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. आणि त्या मुलाच्या घरी गेलात तर "चालतो का?" ऐवजी "कितवीत आहेस?" असं त्यालाच विचारा.