‘व्यसन : एक शाप’ हा निबंध पुन्हा लिहून घेण्याआधी



२६ जून, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला की आपण मुलांकडून ‘व्यसन : एक शाप’ लिहून घेतो. मीही वर्षानुवर्षं घेतला. त्यातला व्यसनी माणूस ठरलेलाच. घरातली भांडी विकतो, बायकोला मारतो आणि शेवटी एक तर मरतो, नाही तर केंद्रात जाऊन सुधारतो. म्हणजे ज्याला सुधारायचंय तो केंद्रात आणि ज्याला नाही तो बाहेर. ही वाटणी मला पटेनाशी झाली आहे.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी एकालाच कधीतरी उपचार मिळाले होते. दारूच्या बाबतीत ३८ पैकी एकाला. मग उरलेल्या १९ जणांना इच्छाच नव्हती असं म्हणायचं का? उपचाराला येणारेही कितीतरी जण स्वतःहून येत नाहीत. आई आणते, बायको आणते, कधी कामावरचे साहेब आणतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये पेशंटला ‘रुग्णमित्र’ म्हणतात आणि बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. घरच्यांना धरून चालावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. महिनाभर दाखल राहायचं तर घर कोण चालवणार? रोजंदारीवरच्या माणसाचं गाडं इथेच अडतं.

आणि लाज! ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आपल्याच शहरात आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद सगळीकडे. वर्तकनगरहून रिक्षाने जाता येईल, पण कुणी बघितलं तर? व्यसन बाईला असेल तर घरचे डॉक्टरचं नावही काढत नाहीत.

२०१६ मध्ये एफेड्रिनचा मोठा गुन्हा वर्तकनगर पोलीस ठाण्यात नोंदला गेला, तेव्हा पेपरात किलो आणि कोटी छापून आले. असल्या बातम्या वाचून पालक आणखी घाबरतात, की मुलाचं बोललो तर पोलीस नेतील. पण एनडीपीएस कायद्यातच कलम ६४अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. हे पालकसभेत कुणी सांगतं का?

दाखल झाला म्हणजे सुटला, असंही नाही. पुन्हा घसरणारे असतात, तसे केंद्राची पायरी न चढता सोडणारेही असतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने हा निबंध कोरा दिला होता. मी रागावले. तिच्या बाबांचं मला खूप उशिरा कळलं. निबंधातला तो भांडी विकणारा माणूस तिला रात्री जेवायला वाढत होता.

यंदा विषय बदलते आहे : ‘आजारी माणसाला दवाखान्यात कोण नेतं?’ आणि फळ्याच्या कोपऱ्यात १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर लिहून ठेवणार आहे, आठवडाभर न पुसता.