‘ड’ वर्गाचा मुहूर्त

वरून स्वच्छतेचे फर्मान सुटले की सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांच्या निंदणीकरणाची लगबग सुरू होते. नियम तसा सरळ आहे. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’चा 30 वर्षे, ‘क’चा 10 आणि ‘ड’ वर्षभरात रद्दीत. अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना सहा गठ्ठ्यांची पद्धत बसवून दिली, त्यालाही चाळीसेक वर्षे झाली. नष्ट करायच्या कागदांना त्यात स्वतंत्र गठ्ठा आहे.

आता समजा, एखाद्या कागदाची मुदत मार्चअखेर संपते आणि फेब्रुवारीत त्यावरच माहिती अधिकाराचा अर्ज येतो. तो कागद गठ्ठ्यातून बाजूला काढायचा कोणी? अर्जाला आवक क्रमांक पडतो, तो जनमाहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो. रेकॉर्ड रूमला त्याची खबर नाही. तिथे नाशनाची यादी तयार आणि ठेकेदाराचा टेम्पो दारात. महिन्याभराने अर्जदाराला कळते की, ‘सदर संचिका विहित मुदतीनंतर नियमानुसार नष्ट करण्यात आली आहे.’ नियमावर बोट ठेवायला जागा नाही. फक्त नाशनाची तारीख अर्जानंतरची असते, आणि ती कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही. एरवी वाळवी लागेस्तोवर न हलणारे गठ्ठे अशा वेळी बरे वेळेवर हलतात!

कायदा याबाबत मुका नाही. मागितलेली माहिती जाणूनबुजून नष्ट केली तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 20 खाली रोज 250 रुपये, कमाल 25 हजार दंड आहे. राज्याच्या 2005 च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात तर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण शिक्षा नंतरची. कागद आधी थांबवायची सोय हवी.

ई-ऑफिसमध्ये ती अवघड नाही. अर्ज, कोर्टाची नोटीस, विभागीय चौकशी किंवा लेखापरीक्षणाचा आक्षेप नोंदला गेला की त्या नस्तीचे नाशन आपोआप अडावे. अडवले कोणी, कधी, हे तिथेच दिसावे. मात्र ‘चौकशी सुरू आहे’ म्हणून एकदा घातलेली बंदी निवृत्तीपर्यंत तशीच ठेवण्याचीही आपल्याकडे रीत आहे. तेव्हा बंदी उठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण यांचे रकाने सक्तीचे करावेत. आणि ते कोरे ठेवून पुढे जाता येणार नाही, असे बघावे.