लॅपटॉप घेताना पेन ड्राइव्ह सोबत न्या

हर्सूलच्या दुकानदार, कारागीर बांधवांची मुले खेळांचा लॅपटॉप मागतात; बापाला त्यावरच बिलेही करायची असतात. आमच्या मते विंडोजविना लॅपटॉप स्वस्त मिळत असेल तर तोच घ्यावा व मोफत लिनक्स टाकावे. वाचलेला पैसा रॅमला लावावा, १६ जीबी हवीच. मात्र पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून वायफाय, आवाज तपासा. एएमडी ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो. एनव्हिडियाचा बहुधा वेगळा टाकावा लागतो. स्टीमच्या प्रोटॉनमुळे २०१८ पासून विंडोजचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालू लागले. व्हॅलोरंट मात्र चालत नाही. चिरंजीवांना आधीच सांगा, नंतर घरात भांडण नको! हिशेब टॅलीवर असेल तर विंडोजसहच घ्या, लिनक्स शेजारी टाका.