पत्र्याखालचे घर

साखळीत थंडीसाठी घर सज्ज करावे लागत नाही. तयारी करावयाची ती मृगाच्या पावसाची. वैशाखात कौले उतरवून, वासे-रीपा तपासून शाकारणी होई. आता कौलांवर पत्रा चढविला की आम्ही मोकळे! कामगार मिळत नाहीत, ही सबब अर्धीच खरी. सामाईक घराचा खर्च कोणी सोसावा, यावर भाऊबंदांचे एकमत होत नाही, हे उरलेले अर्धे. बासल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढला तेव्हापासूनची ही कौले. एकेक सुटे काढून बदलता यावे अशीच त्यांची घडण. शाकारणीत वासा न् वासा नजरेखालून जाई. पत्र्याखाली वाळवीने तुळई पोखरली, ती आम्हांस माती गळू लागल्यावर कळली. येत्या वैशाखात आमचा पत्रा उतरणार आहे. भाऊबंदांनी हिस्सा दिला तरी, न दिला तरी.