बसतंय म्हणजे बसलंच असं नाही



या सदरात आम्ही बहुधा गुडघे, रक्तदाब आणि औषधांच्या वेळा यांवर लिहीत असतो. या खेपेला मोटारीच्या चाकांवर लिहीत आहोत, कारण आपल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांची १९६८ सालची एम.जी.बी. स्पोर्ट्स गाडी गॅरेजात झाकून ठेवलेली आहे. यजमान आता नाहीत. नातवाला गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, पण तिची तारांची चाकं काढून चार नटांची बसवायची आहेत. बाई विचारतात, "आजोबांच्या गाडीचं रूप बदलू द्यावं का? आणि पोरगं त्या गाडीतून जाणार, तर चाक निघून तर येणार नाही ना?"

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी. नर्सबाईंना गाडीतलं काय कळतं, असं कोणी म्हणेल. आमच्या घरात जुन्या गाड्यांचं वेड असलेली दोन माणसं आहेत. चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर हेच ऐकत आलो, त्यामुळे बरंचसं पाठ झालं आहे.

आधी मुलांसाठी. बैलगाडीच्या चाकाला मधोमध एक जाड लाकडी गोळा असतो, त्यात आरे बसवलेले असतात. मोटारीत त्या जागी लोखंडी भाग असतो, त्याला हब म्हणतात. हब आसावर फिरतो आणि चाक हबला धरून असतं. ते धरण्याच्या दोन तऱ्हा. एकीत हबला बाहेरून उभे दाते असतात, तारांचं चाक त्या दात्यांवर सरकवायचं आणि मध्ये एकच मोठा नट आवळायचा. दुसरीत हबमधून चार किंवा पाच बोल्ट बाहेर आलेले असतात. चाकाची भोकं त्यांवर घालायची आणि प्रत्येकाला नट लावायचा. हे बोल्ट एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजेच गॅरेजवाले ज्याला पी.सी.डी. म्हणतात तो. चार बोल्ट असले तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की झालं. पाच असले तर समोरासमोर कोणीच नसतं. मग एका बोल्टाच्या मध्यापासून हबच्या मध्यापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायची.

आता गंमत बघा. एम.जी.बी.चं हे माप साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. त्याच कंपनीच्या छोट्या मिजेटचं ४ इंच, म्हणजे १०१.६. पुढे १९९५ मध्ये एम.जी.एफ. आली, तिचं ९५.२५. तिघींच्या नाकावर तोच अष्टकोनी बिल्ला, पण एकीचं चाक दुसरीला चालत नाही. आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या जुन्या मिनीचंही माप ४ इंच, आणि २००१ मध्ये जी नवी मिनी आली तिचं १०० मिलिमीटर. फरक केवळ १.६ मिलिमीटरचा. खरा धोका इथेच आहे.

साडेचार इंचांच्या हबवर चार इंचांचं चाक चढवायला गेलात तर ते चढणारच नाही. हब सरळ नाही म्हणतो आणि आपण घरी जातो. पण १०१.६ च्या हबवर १०० चं चाक जरा रेटलं तर चढतं. नटही फिरतात, आवळलेही जातात. बघणाऱ्याला वाटतं, बसलं की! प्रत्यक्षात नटाचं निमुळतं तोंड भोकाच्या निमुळत्या तोंडात नीट बसलेलं नसतं, ते एका बाजूलाच टेकलेलं असतं आणि बोल्ट किंचित वाकलेला असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्या बोल्टावर ताण येतो आणि जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसाच हा बोल्टही थकतो. नट सैल तरी होतात, नाहीतर बोल्ट तुटतो, आणि तो गॅरेजात तुटत नाही, भर रस्त्यात तुटतो.

मुलांनो, हे घरी करून पाहा. एका पुठ्ठ्यावर १०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा, दुसऱ्यावर १०१.६ चं. दोन्हींवर समान अंतरावर चार बारीक भोकं पाडा. पुठ्ठे एकावर एक ठेवून मध्यबिंदू जुळवा आणि चारही भोकांतून टाचण्या घाला. टाचण्या सरळ जात नाहीत, तिरक्या होतात. बोल्ट तसाच तिरका होतो, पण चाकाच्या मागे असल्यामुळे दिसत नाही. (टाचण्या आजीआजोबांसमोरच हाताळाव्यात.)

आम्हांला हे लवकर पटलं याचं कारण वॉर्ड. छोट्या ऑक्सिजन सिलिंडरच्या तोंडाशी दोन भोकं असतात आणि यंत्राच्या कडीला दोन पिना. नायट्रस ऑक्साइडची भोकं वेगळ्या जागी. त्यामुळे ऑक्सिजनच्या जागी भूल देणारा वायू लावायला गेलात तर सिलिंडर बसतच नाही. रात्रीचे तीन वाजलेले असोत, नर्स दमलेली असो, पिना दमत नाहीत. पण पिन मोडलेली असली, किंवा गळती थांबवायला एकावर एक दोन वॉशर घातले, तर चुकीचं सिलिंडरही बसू शकतं. म्हणून आम्हांला शिकवलेलं होतं की सिलिंडर बसत नसेल तर जोर लावायचा नाही, आधी नाव वाचायचं. चाकालाही हाच नियम.

आता नातवाच्या बेताकडे वळू. त्याला तारांची चाकं का नको आहेत, याला कारण आहे. आरे सैल पडतात, ते वेळोवेळी ताणून घ्यावे लागतात. आऱ्यांच्या टोकांतून हवा जाते म्हणून आत ट्यूब लागते. हबचे दाते झिजले की गाडी सुटताना आणि ब्रेक दाबताना 'ठक्' आवाज येतो. झिजलेल्या हबवर नवं चाक घातलं तर जुने दाते नव्यांना खातात, म्हणून दोन्ही एकदमच बदलावी लागतात. हा सगळा खर्च जपून करणारे खूप आहेत, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

चार नटांकडे जायचं तर सरळ मार्ग म्हणजे हबच बदलणं. पुढच्या बाजूला एम.जी.बी.साठीच बनलेले चार बोल्टांचे हब मिळतात. ते बसवताना बेअरिंगमधल्या पातळ चकत्या नीट मोजून घालायच्या, उरल्या म्हणून डब्यात टाकायच्या नाहीत. मागची बाजू जास्त अवघड. तारांच्या चाकांच्या गाडीचा मागचा आस मुळातच अरुंद असतो, म्हणून नुसते हब बदलले तर मागची चाकं आत जातात. जाणकार लोक पूर्ण आसच बदलतात. मध्ये जाड चकती घालून एका मापाचं दुसरं करणारे अॅडॅप्टरही विकायला असतात. ते घेतलेच तर त्या गाडीसाठी बनवलेले घ्यावेत. बेनामी स्वस्त माल चाकात नको. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणी खाली सरकू नये, स्टँड लावावेत.

नट फिरक्या-फिरक्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, शेवटी टॉर्क-पान्याने ६० ते ६५ फूट-पौंड. पन्नासेक मैल चालवून पुन्हा तपासायचे. टाके घातल्यावर जखम दुसऱ्या दिवशी बघतात, तसंच.

कायद्याचंही सांगून ठेवतो. २० मे २०१८ पासून इथे चाळीस वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाड्यांना दरवर्षीची एम.ओ.टी. सक्तीची नाही. पण गाडी रस्त्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी सुटलेली नाही, धोकादायक गाडी चालवली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. हब बदलल्यावर स्वतःहून एम.ओ.टी. करून घ्यावी, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

काढलेले जुने हब फेकू नयेत. तेल लावून, कागदात गुंडाळून, त्यांवर 'डावा' आणि 'उजवा' असं ठळक लिहावं. हे शोभेसाठी नाही. त्या एकाच मोठ्या नटाचे आटे दोन बाजूंना उलट असतात. चाक पुढे फिरतं त्याच दिशेला नट सोडवायचा असतो, त्यामुळे चालत्या गाडीत तो सैल न होता घट्ट होत जातो. डावा हब उजवीकडे गेला तर चालता चालता नट सुटतो. (नटाला बाहेर आलेले कान पादचाऱ्याला लागतात म्हणून अमेरिकेने १९६८ पासून ते बंद केले.)

आता बाईंचा पहिला प्रश्न. एम.जी.बी. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनला बनली, तिच्या भावंडांसकट पाच लाखांहून जास्त. त्या कारखान्यातून गाड्या दोन्ही प्रकारच्या चाकांवर बाहेर पडत. पोलादी चाकं मुळातली, तारांची जादा पैसे देऊन. तेव्हा चार नटांची चाकं घातली म्हणून गाडी बाटत नाही. तिच्या बहिणींची चाकं तिला लावली, एवढंच. यजमानांनी निवडलेली चाकं शेल्फवर सुरक्षित राहतील. नातवाचा विचार उद्या बदलला, तर तीच परत चढवता येतील.

म्हणून बाई, आमचं उत्तर हो असं आहे. मात्र त्याला एक अट घाला: त्याने माप स्वतः मोजून, कागदावर लिहून, तुम्हांला आणून दाखवावं. हबचं माप आणि चाकाचं माप, शेजारीशेजारी. दोन आकडे अगदी सारखे असले तर किल्ली द्या. जवळजवळ सारखे असले तर देऊ नका.