संकल्प सोडा, चहा फिका सांगा

साखर सोडण्याची शपथ घेणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. शपथ जितकी कडक, तितकी पुढची जिलेबी जवळ. देवास गेटला राहून मी असे इतके संकल्पवीर पाहिलेत, की कुणी छाती पुढे काढून ‘आजपासून गोड बंद’ म्हणालं की मी फक्त विचारतो, बंद म्हणजे किती वाजेपर्यंत?

हा भाग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उज्जैन स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच देवास गेट. बसस्टँड, लॉज, धर्मशाळा, माधव कॉलेजची इमारत, महाकालला नेणाऱ्या ई-रिक्षावाल्यांचा ओरडा, आणि या सगळ्याच्या मधे जिथे जागा उरेल तिथे खाणं. सकाळी पोहे आणि त्यांच्या शेजारी जिलेबी. रात्री कढईत आटणारं दूध, वर मलई, मागितली तर रबडी. चहाला तर वेळकाळच नाही. पोह्यांतसुद्धा साखर असते, हे माळव्याबाहेरच्या पाहुण्याला दुसऱ्या घासाला कळतं. इथे गोडाला निमित्त लागत नाही. गोड नाकारायला मात्र डॉक्टरची चिठ्ठी लागते.

अशा ठिकाणी राहून मनोनिग्रहाच्या गप्पा मारणं म्हणजे श्रावणी सोमवारी महाकालच्या सवारीच्या रस्त्यावर उभं राहून ‘मला कुणाचा धक्का लागता कामा नये’ म्हणण्यासारखं आहे. धक्का लागणारच. उभं कुठे राहायचं, एवढंच आपल्या हातात असतं. पण उभं राहण्याची जागा बदलणं आम्हाला कमीपणाचं वाटतं. आम्हाला मन जिंकायचं असतं. तेही तळणीच्या कढईसमोर, रिकाम्या पोटी.

साखरेला व्यसन म्हणावं की नाही, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या यादीत दारू आहे, तंबाखू आहे, जुगारही आहे; साखर नाही. तरी ‘साखर कोकेनसारखी’ असले निरोप सकाळी सकाळी फोनवर येतात, बहुधा ज्याच्या हातात तेव्हा गोड चहा असतो त्याच्याकडूनच. हा बोलबाला झाला तो मुख्यतः प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उंदरांमुळे. तिथे उंदरांना रोज १२ तास उपाशी ठेवत आणि मग खाणं आणि साखरपाणी समोर ठेवत. उंदीर तुटून पडत. २०१६ मध्ये वेस्टवॉटर, फ्लेचर आणि झियाउद्दीन या संशोधकांनी हा सगळा पुरावा पुन्हा तपासला. त्यांचा निष्कर्ष असा, की उंदीर व्यसनी असल्यासारखे वागले ते साखर कधी बंद, कधी खुली अशी मिळाली तेव्हाच. माणसांच्या बाबतीत तर साखरेच्या व्यसनाचा पुरावा त्यांना फारच थोडा सापडला.

आधी उपाशी ठेवा, मग गोड पुढ्यात टाका. प्रिन्स्टनला यासाठी प्रयोगशाळा बांधावी लागली. आम्ही हे दर उपासाला घरीच करतो. त्यात उज्जैनच्या मराठी घरांची आणखी एक मौज आहे. उत्तरेचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, आपला अमावास्येनंतर. शिंद्यांच्या काळापासूनची मराठी रीत म्हणून महाकालची सवारी उत्तरेच्या भाद्रपदातही पंधरवडाभर चालते. त्यामुळे आमच्याकडे श्रावण दीडपट, उपास दीडपट आणि उपास सोडतानाचं गोडही दीडपट. दिवसभर राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचा शिरा, दूध-केळं. रात्री सुटकेचा निःश्वास आणि वर रबडी. दुसऱ्या दिवशी हाच माणूस मला सांगतो, ‘काय करणार, गोडाचं व्यसनच आहे हो मला.’ व्यसन कसलं? तू स्वतःवर उंदराचा प्रयोग चालवलायस, आणि पिंजऱ्याला देवघर म्हणतोयस.

या संकल्पांना हल्ली एक आकडा चिकटलाय, २१ दिवस. हे कुठून आलं? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिलं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘निदान’ गळलं, चेहराही गळला, उरला फक्त आकडा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर खरोखर मोजलं तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला हिशेबाने २५४. त्यात एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. आमचा संकल्पवीर मात्र एक पेढा खाल्ला की ‘मोडलंच आता’ म्हणून उरलेला डबा संपवतो. पेढ्याने जेवढं नुकसान केलं नाही, तेवढं त्या ‘मोडलंच’ने केलं.

आता ब्रिटनकडे बघा. दुसऱ्या महायुद्धात तिथे साखरेला रेशन लागलं, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. रेशन असताना मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४० ग्रॅम साखर मिळे. रेशन उठताच खप जवळजवळ दुप्पट झाला. गर्भात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांना रेशनची साखर लाभली, त्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी राहिला, असा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्या आयांपैकी किती जणींनी संकल्प केला होता? साखर हाताशी नव्हती, एवढंच. आपल्याकडेही ज्यांनी दिवाळीपूर्वी रेशनच्या रांगेत पिशवी धरली, त्यांना बिनसाखरेचा चहा ही योगसाधना वाटत नसे. महिनाअखेर म्हणत त्याला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मनाशी भांडू नका, मांडणी बदला. सुरुवात चहापासून करा, कारण गोड आहे हे आपण विसरतो ते चहातच. कपात दोन चमचे, म्हणजे ८ ते १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगतेय, की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांखाली. हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तिसऱ्या कपाला हिशेब आटोपतो, आणि जिलेबी अजून कढईतच आहे.

टपरीवर ‘साखर कमी’ म्हणणारे मला फार भोळे वाटतात. चहा पातेल्यात साखरेसकट उकळलेला असतो. तुमच्यासाठी टपरीवाला ती कमी कुठून करणार? तो मान हलवतो आणि तोच चहा ओततो. तुम्ही समाधानाने पिता. सांगायचं असेल तर ‘भिया, एक फीकी’ म्हणून वेगळा सांगा आणि तो उकळेपर्यंत उभे राहा. पहिले काही दिवस टपरीवाला तुमच्याकडे सहानुभूतीने बघेल, शेजारचा माणूस ‘किती निघाली?’ म्हणून रिपोर्ट विचारेल. पुढे तुम्ही दिसलात की फिकी आपोआप चढते, आणि मनाला विचारायची वेळच येत नाही. एकदम फिका जात नसेल तर घरी अर्ध्या अर्ध्या चमच्याने उतरा, दर दोन-तीन आठवड्यांनी. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात लोकांनी साखर कमी केल्यावर दुसऱ्या महिन्यापासून तेच पुडिंग त्यांना जास्त गोड लागू लागलं. मात्र त्यांची गोडाची आवड कमी झाली नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. तेव्हा एक दिवस जिलेबी बघून मळमळेल, अशी वाट पाहू नका. जिलेबी आवडतच राहणार. (इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोला. बसस्टँडवर घेरी आली तर साखरच खावी लागेल.)

मग जिलेबीचं काय करायचं? मी खातो. रविवारी, बसून, कुणाबरोबर तरी, पोहे खाऊन झाल्यावर. उभ्याने आणि एकट्याने नाही, बस यायला वेळ आहे म्हणून तर नाहीच. आठवड्याची जिलेबी ठरलेली असली की मंगळवारच्या कढईसमोरून जाताना वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. रात्रीच्या शतपावलीची दिशा मी बदलली, कारण जुनी वाट नेमकी दुधाच्या कढईपाशी संपायची. अर्थात उज्जैनमध्ये मिठाईचं दुकान न लागणारा रस्ता शोधायचा तर क्षिप्रेतूनच चालावं लागेल. पण जिथे ओळखीचा दुकानदार हाक मारत नाही तो रस्ताही पुरतो. जेवणानंतर बडीशेप, साधी, त्या रंगीत गोळ्यांची नव्हे.

गूळवाल्यांवर फार शाई खर्च करत नाही. गूळ, मध, खडीसाखर, ‘देशी खांड’ ही सगळी शरीराला साखरच आहे. पोटात जाताना ती जात दाखवत नाही.

खरा शत्रू दुकानात नसतोच, तो घरात ताट घेऊन उभा असतो. आमच्या मराठी घरांत ‘नको’ला नकार समजत नाहीत, चांगलं वळण समजतात. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, यजमानाने तिसऱ्यांदा वाढायचं, मग पाहुण्याने ‘बरं, एवढं म्हणताय तर’ म्हणायचं, अशी ती रीत. त्याला माळव्याच्या मनुहारची, म्हणजे आग्रहाची, जोड मिळाली की दाल-बाफल्यांच्या पंगतीत लाडू चुकवायला पळूनच जावं लागतं. कारण सांगणारा तर हमखास हरतो. ‘शुगर वाढलीय’ म्हणा, ‘एकाने काय होतंय’ येतं. ‘डाएट करतोय’ म्हणा, ‘मग किती बारीक झालायस, खा’ येतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्वित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं, की ‘मी कमी खाईन’ या इराद्यापेक्षा ‘असं झालं तर मी तसं करीन’ ही आधी ठरवलेली जोडी जास्त कामी येते. माझी जोडी अशी: मावशीने लाडू पुढे केला, की मी ताट सरकवून शेव मागतो. कारण देत नाही, वाद घालत नाही. मावशीला वाढायचं असतं. काय वाढायचं यावर तिचा तेवढा हट्ट नसतो. आणि प्रसाद? तो हातावर कणभर घेऊन कपाळाला लावायची रीत आहे. महाकालच्या लाडवांचं पाकीट घरी आणून मालिका बघता बघता संपवणं याला प्रसाद म्हणणाऱ्याने निदान देवाला मधे घेऊ नये.

आमच्यातल्या सुशिक्षितांची तऱ्हा आणखी न्यारी. डॉ. श्रीकांत जिचकारांचा दोनदाच जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवला. सारखं तोंड चालवू नका, हा त्यातला मुद्दा. मंडळींनी त्यातली जेवण उरकायची ५५ मिनिटं तेवढी उचलली, आणि त्यात पुरी, श्रीखंड, वर आइस्क्रीम असं सगळं घड्याळ लावून बसवलं.

सरकारही मागे नाही. जानेवारी २०२४ मध्ये देशातली पहिली ‘आरोग्यदायी आणि स्वच्छ’ खाऊगल्ली ‘प्रसादम’ आमच्याच महाकाल मंदिराशेजारच्या ‘महाकाल लोक’ परिसरात उघडली, १९ दुकानांची. स्वच्छता हवीच, पण स्वच्छ हातांनी तळून पाकात सोडलेली जिलेबी ही जिलेबीच. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांना. त्यावर जुलैत समोसा-जिलेबीवर इशारे येणार अशी ओरड झाली, आणि फेरीवाल्यांच्या पदार्थांवर असा कुठलाही इशारा लावायचा नाही, हा खुलासा सरकारला करावा लागला. ज्या देशात आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार १० कोटींवर मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत, तिथे लोकांना काळजी वाटली ती जिलेबीच्या इभ्रतीची! फलक लावा, माझी ना नाही. पण त्याच फलकाखाली टेबल मांडून केक कापणार असाल, तर खिळ्याचा खर्च तरी वाचवा.

आपल्या मंडळांना, समाजांना आणि लग्नघरांना माझी मागणी फुकटची आहे. चहा बिनसाखरेचा उकळा, साखर वाटीत वेगळी ठेवा. ज्याला हवी तो घालेल. गेली काही वर्षं मी हे दर सभेत मांडतो, आणि दर सभेत मला एकच उत्तर मिळतं: ‘लोक काय म्हणतील?’ लोक गोड चहा पितात आणि घरी जाऊन गोळी घेतात, दुसरं काय म्हणणार!

आणि माझ्याकडे येणाऱ्यांना आगाऊ सूचना. मिठाईचा डबा आणू नका. आमच्या घरात डबा रात्रभर राहत नाही. आला त्याच संध्याकाळी बाहेर जातो. उघडून एकेक सगळ्यांच्या हातावर ठेवीन, तुमच्याही. उरलेला निघताना तुमच्याच पिशवीत घालीन, आणि तुम्ही ‘नको, नको’ म्हणालात तर आपली रीत मलाही येते. तिसऱ्यांदा आग्रह करीन.